सविस्तरचा दर

दवाखान्यात शिरलं की आधी दिसायची ती दरांची पाटी. डॉक्टरांच्या पदवीचीही एक होती, पण ती आतल्या खोलीत, तपासणीच्या टेबलावर आडवं झालेल्यालाच दिसेल अशा जागी. दरांची मात्र दारासमोर, निळ्यावर पांढरी, कुणाची नजर चुकणार नाही अशी. तपासणी, दाखला, घरी येऊन पाहणं, फोनवर विचारणं, आणि सगळ्यात खाली वेगळ्या चौकटीत विमा अहवाल. साधा, पैसे रुग्णाने भरावेत. सविस्तर, पैसे कंपनी भरेल. या चौकटीच्या कोपऱ्यात रंगाऱ्यानं आपल्या मनानं एक फूल काढून दिलं होतं. सबंध दवाखान्यात फुकट मिळालेली तेवढी एकच गोष्ट असावी.

निदान ताईचं तरी असं मत होतं, आणि तिला मत असण्याचा हक्क होता. डॉक्टर तिचा सख्खा धाकटा भाऊ. सगळं जग त्याला डॉक्टर म्हणे, आईसुद्धा. डॉक्टर जेवले का, डॉक्टर झोपलेत, जरा हळू बोला. ताई मात्र लहानपणापासून त्याला छोट्या म्हणत आली होती, आणि पेशंट समोर असले की मुद्दाम जरा मोठ्यानं म्हणायची.

त्या दिवशी ती आली होती नवऱ्याच्या कामासाठी. दोघांचं चष्म्याचं दुकान होतं. ती डोळे तपासून नंबर काढायची, तो मागच्या खोलीत काचा घासून फ्रेममध्ये बसवायचा. पंधरवड्यापूर्वी काच घासता घासता त्याच्या छातीत कळ आली, काच हातातून निसटली, आणि ताईनं दुकान उघडं टाकून त्याला रुग्णालयात नेलं. हृदयाची एक रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली होती. ती तिथल्या डॉक्टरांनी तातडीनं उघडली. दुसरी अर्धीअधिक बुजलेली होती. ती महिन्या-दीड महिन्यात उघडू, त्यापेक्षा जास्त थांबवू नका, असं बजावून त्यांनी त्याला घरी सोडलं. तारीख मात्र विमा कंपनीची मंजुरी आल्यावर. आणि कंपनीनं मंजुरीच्या आधी नेहमीच्या डॉक्टरांचा अहवाल मागितला होता. नेहमीचे डॉक्टर म्हणजे छोट्या.

बाकावर ताईच्या शेजारी एक निवृत्त बसचालक बसले होते. दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, जाड भिंगांचं.

"आमच्या हिचे पित्ताचे खडे काढायचेत," ते म्हणाले. "कंपनीला रिपोर्ट हवा. डॉक्टर म्हणाले, साधा घ्याल तर तुमच्या खिशातून, सविस्तर घ्याल तर कंपनीच्या. आता आजच्या काळात असं स्वतःहून कोण सांगतं?"

"माझा भाऊ आहे तो," ताई म्हणाली.

"मग तर तुम्हाला काळजीच नको."

"काळजी तिथूनच सुरू होते, काका."

बसचालक हसले. त्यांना वाटलं, बहीण-भावाची थट्टा आहे.

काउंटरवरच्या बाईंनी नाव पुकारल्यावर ताई आत गेली. छोट्यानं मान वर न करताच विचारलं, "भाऊजी कसे आहेत?" आणि उत्तर यायच्या आत संगणकाकडे वळला.

"जिने चढवत नाहीत. दुकानाच्या मागेच खाट टाकलीय."

"छान, छान. आराम हवाच." त्याची बोटं चालू झाली होती. "कंपनीचं पत्र बाईंकडे दे. सविस्तर करून टाकतो."

"साधाच दे. मी पैसे देते."

त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं, जरा दुखावल्यासारखं. "वेडी आहेस का? बहिणीकडून पैसे घेऊ? आईला कळलं तर मला घरात घेईल का? सविस्तर लिहितो, कंपनी देईल. तुझा एक पैसा जाणार नाही."

"त्यांना आधी कधी काही झालेलं नाही, हे लिही. सर्दीसुद्धा नाही."

"ताई, तू चष्म्याचे नंबर काढ. हे माझ्यावर सोड."

त्यानं फाईल मागितली नाही. उघडून पाहिली असती तर त्यात नवऱ्याच्या नावाचा एकच कागद निघाला असता, तोही कधीतरी करवतीनं अंगठा कापला होता त्याचा. काही मिनिटांत छपाईयंत्रातून चार पानं बाहेर आली. छोट्यानं प्रत्येक पानावर सही केली, प्रत्येक सहीवर शिक्का मारला आणि शिक्क्यावर फुंकर घातली. शिक्का मारताना तो फार सुंदर दिसे. पेशंट तपासतानाही त्याचं तोंड इतकं गंभीर होत नसे.

"झालं," तो म्हणाला. "लिफाफा बंद करून थेट कंपनीला जातो. पेशंटच्या हातात द्यायची पद्धत नाही."

* * *

नकार आला तो एका सकाळी, ताई एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एकेक भिंग बदलत असताना. फोन वाजला, तिनं वाचलं, आणि गिऱ्हाइकाला म्हणाली, "पाच मिनिटं डोळे मिटून बसा." गिऱ्हाईक बिचारं बराच वेळ तसंच बसलं.

मागच्या खोलीत घासण्याच्या यंत्राला लागून खाट होती. नवरा भिंतीला उशी लावून बसला होता. यंत्रावर त्यानं स्वतःच फडकं टाकलं होतं, दिसलं की हात शिवशिवतात म्हणून.

"वाच की," तो म्हणाला. "तोंडावरून तर पोस्टमार्टमचा रिपोर्ट वाटतोय."

ताईनं वाचलं. विमेदारास सहा वर्षांपासून चालताना अधूनमधून दम लागतो, असे त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या सविस्तर अहवालावरून दिसते. पॉलिसी त्यानंतर घेतलेली आहे. घेताना हा त्रास कळवलेला नाही. सबब दावा नामंजूर, व याच आजाराचे पुढील दावेही विचारात घेतले जाणार नाहीत.

यंत्रावरच्या फडक्याचं टोक पंख्याच्या वाऱ्यानं हलत होतं. नवरा त्याच्याकडे बघत राहिला.

"सहा वर्षं," तो म्हणाला. "आणि मी मूर्ख, गॅसचे सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर चढवत होतो. कुणी सांगायचं तरी."

"गप्प बसा."

"नाही, मला वाईट इतकंच वाटतं, की लागला तेव्हा मला कळलंच नाही. उपभोगच घेता आला नाही."

ताईला हसू आलं नाही. तिला आठवलं ते टेबल. तीन वर्षांपूर्वी छोट्यानं दुसऱ्या मजल्यावर हा दवाखाना थाटला, तेव्हा तपासणीचं ते लोखंडी टेबल टेम्पोतून खाली उतरवलेलं होतं. छोट्यानं हमालाशी इतकी घासाघीस केली, की हमाल टेबल फुटपाथवर ठेवून निघून गेला. मग भाऊजींनीच ते पाठीवर घेतलं आणि दोन जिने चढवलं. पहिल्या वळणावर टेबलाचा पाय कठड्यात अडकला, तेव्हा खाली उभा राहून छोट्या ओरडत होता, "भाऊजी, पॉलिशला जपा."

त्याच टेबलावर आता तो लोकांना आडवं करून त्यांना किती वर्षं दम लागतो ते ठरवत होता.

"जाऊन येते," ताई म्हणाली.

"भांडू नकोस. आईंना त्रास होतो."

"भांडत नाही. विचारून येते."

* * *

छोट्यानं कंपनीचं पत्र वाचलं आणि परत तिच्या हातात दिलं. चेहऱ्यावर अपराधाचा मागमूस नव्हता. एखाद्या विद्यार्थ्याचं गणित चुकलंय आणि मास्तरांना ते आधीच ठाऊक होतं, असा काहीसा भाव होता.

"बरोबर आहे," तो म्हणाला. "पूर्वेतिहास."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे?" तो खुर्चीत मागे रेलला. "ताई, नीट समजून घे. साध्या अहवालात फक्त आत्ताचा आजार असतो. सविस्तरमध्ये पूर्वेतिहासाचा रकाना असतो. तो रिकामा सोडला की कंपनी म्हणते, हा तर साधाच झाला, आणि पैसे देत नाही. म्हणून तिथे काहीतरी घालावं लागतं. काहीतरी निरुपद्रवी. दम लागणं त्यातल्या त्यात निरुपद्रवी. लागतो सगळ्यांनाच."

"म्हणजे सगळ्यांनाच लिहितोस?"

"संगणकात तयारच आहे ते वाक्य. मी फक्त वर्षं बदलतो."

"वर्षं कशी ठरवतोस?"

"वयाकडे बघून. भाऊजींना सहा शोभली."

ताईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. रोज ती लोकांच्या डोळ्यांत उजेड टाकून बघायची, आत काय आहे ते शोधायची. याच्या डोळ्यांत काही लपवलेलंच नव्हतं. तो खोटं बोलत नव्हता, त्याला लाजही वाटत नव्हती. स्वयंपाक करणारा माणूस मिठाचं प्रमाण सांगतो, तसा तो सांगत होता.

"त्या बसचालकांच्या बायकोला किती घातलीस?"

"तिला आठ."

"पित्ताचे खडे आहेत तिला, छोट्या."

"मग काय झालं? जिना चढताना तिलाही लागत असेलच की."

"आणि हेच वाक्य धरून कंपनी लोकांना नाही म्हणते, हे तुला माहीत होतं?"

यावर तो जे बोलला ते ताई पुढे कितीतरी दिवस विसरली नाही. "ते लोक वाचत असतील असं मला वाटलं नव्हतं," तो म्हणाला.

नुसती पानं मोजायला कंपनी जास्त पैसे देते, अशी या माणसाची खरोखरच समजूत होती. डॉक्टरकी शिकायला त्याला इतकी वर्षं लागली. आईनं त्यासाठी बांगड्या मोडल्या, ताईनं स्वतःचं पुढचं शिक्षण सोडलं. आणि या सगळ्यातून जे तयार झालं, ते कंपनीला नकाराची कारणं पुरवणारं एक यंत्र होतं, तेही आपण काय पुरवतोय याचा पत्ता नसलेलं. दुष्ट माणूस असता तर ताईनं त्याला निदान वैरी म्हणून मानलं असतं. हा तेवढ्याही लायकीचा नव्हता.

"दुरुस्ती लिहून दे," ती म्हणाली. "ते वाक्य चुकलं, असं."

"स्वतःहून?" त्यानं हात झटकला. "स्वतःहून दुरुस्ती पाठवली की कंपनीच्या पॅनेलवरून नाव जातं. माझं अर्धं उत्पन्न त्यावर आहे. शिवाय मीच माझं खोटं ठरवू? आणि त्याचे पैसे कोण देणार?"

"आणि तुझे भाऊजी गेले तर?"

"असं अभद्र बोलू नये." त्यानं आवाज खाली आणला. "तू असं कर, त्यांना नीट आठवायला सांग. माणूस विसरतो. कधीतरी दम लागला असेलच. मग मी लिहिलंय ते खरंच ठरेल, आणि आपण कंपनीशी दुसऱ्या मुद्द्यावर भांडू."

ताईनं भिंतीजवळच्या टेबलाकडे बोट केलं. "हे वर कुणी आणलं?"

छोट्यानं टेबलाकडे पाहिलं. "ते हलकं होतं," तो म्हणाला.

संध्याकाळी आईचा फोन आला. डॉक्टर जेवले नाहीत, ताट तसंच आहे, तू काय बोललीस त्यांना? ताईनं थोडक्यात सांगितलं. मग आई म्हणाली, "पण त्यानं तुझ्याकडून पैसे तर घेतले नाहीत ना? मग एवढं काय?" ताईनं फोन ठेवला. नवरा खाटेवरून म्हणाला, "मुद्दा बरोबर आहे आईंचा. एवढं फुकट कोण मारतं?"

मागच्या खोलीपासून न्हाणीपर्यंत जायला त्याला आता मध्ये एकदा टेकावं लागत होतं. यंत्राच्या कडेला हात ठेवून तो उभा राहायचा आणि काच तपासल्यासारखं करायचा. फडक्याखाली काच नव्हती.

* * *

विमा कंपनीच्या इमारतीत थंडी फार. दावे विभागातल्या बाईंनी अंगावर स्वेटर घातला होता आणि टेबलाखाली पायही शालीत गुंडाळले होते. बोलायच्या मात्र अगदी मोजकं, जणू शब्दामागे ऊब जात होती.

"डॉक्टरांनी लिहिलंय," त्या म्हणाल्या. "आम्ही आमच्या मनानं काही ठरवत नाही."

"डॉक्टर माझा भाऊ आहे. त्यानं ते त्याच्या मनानं लिहिलंय."

बाईंनी नजर उचलली. भाऊ हा शब्द ऐकून त्यांना किंचित कुतूहल वाटलेलं दिसलं. "मग त्यांना दुरुस्ती पाठवायला सांगा."

"स्वतःहून पाठवली तर पॅनेलवरून नाव जातं म्हणतो."

"जातं," बाई म्हणाल्या. त्यांना त्यात काही वावगं दिसलं नाही. "आणि स्वतःहून आलेलं पत्र आम्ही फाईलला लावतही नाही. आम्ही खुलासा मागवला, तरच लावतो."

"मग मागवा."

"सहसा मागवत नाही. त्याची फी कंपनीला पडते."

ताई इतका वेळ टेबलाच्या कडेवर बोटांनी ताल धरून होती. बोटं थांबली.

"खुलाशाची फी डॉक्टरला मिळते?"

"मिळणारच. सविस्तरच्या दुप्पट."

"खुलाशात तो आधीचं लिहिलेलं मागे घेऊ शकतो?"

"खुलाशात ते काहीही लिहू शकतात. आम्ही विचारलेलं असतं ना, म्हणून पॅनेलला धक्का लागत नाही." बाईंनी शाल नीट केली. "विमेदारानं लेखी मागणी केली तर मागवावाच लागतो. पण सहसा कुणी करत नाही."

"का?"

"त्यांना माहीत नसतं."

"तुम्ही सांगत का नाही?"

"कुणी विचारत नाही." बाईंनी फाईल मिटली, आणि मग, कदाचित ताईच्या आवाजात भांडण नव्हतं म्हणून, आपण होऊन म्हणाल्या, "एखाद-दुसरा असला तर काही नाही. एकाच डॉक्टरांचे बरेच खुलासे आले, की वरचे लोक त्यांचे जुने सगळे अहवाल काढून बसतात. मग त्यांची काही खैर नसते."

ताईनं तिथेच, त्या थंडीत, मागणीचा अर्ज लिहिला. लिहिताना तिला स्वतःचीच गंमत वाटली. इतके दिवस ती भावाची लाज जागी करायला बघत होती. म्हणजे जे तिथे नव्हतंच, त्याच्यावर प्रकाश टाकत होती. जे होतं त्याला हात घालायचं तिच्या ध्यानातच आलं नव्हतं.

* * *

आठवडा उलटायच्या आत छोट्याचा फोन आला. आवाज नुकत्याच न्हालेल्या माणसासारखा ताजातवाना.

"ताई, कंपनीचं पत्र आलंय. भाऊजींच्या केसमध्ये खुलासा मागितलाय."

"असं?"

"मी रात्रभर विचार केला. म्हटलं, विचारतायत, तर खरं ते सांगायलाच हवं. शेवटी डॉक्टराचं एक कर्तव्य असतं."

"दर किती आहे कर्तव्याचा?"

"काय?"

"काही नाही. लिही तू."

आणि त्यानं लिहिलं. उभ्या जन्मात त्यानं इतकं खरं कधी लिहिलं नसेल. पानांवर पैसे अवलंबून आहेत की नाही हे पक्कं माहीत नसल्यामुळे त्यानं सावधगिरी म्हणून भरपूर लिहिलं. रुग्णास पूर्वी कोणताही त्रास नव्हता. रुग्ण तिसऱ्या मजल्यावर राहतो व जड वस्तू सहज नेतो. तीन वर्षांपूर्वी रुग्णाने एक लोखंडी तपासणी टेबल, अंदाजे वजन अमुक, दोन मजले स्वतःच्या पाठीवर वाहून नेले, हे प्रस्तुत डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहिले आहे. टेबल आता हलकं राहिलं नव्हतं. त्या एका परिच्छेदात त्याचं वजन चांगलंच वाढलं होतं. चुकीच्या वाक्याचं खापर त्यानं संगणकावर फोडलं. ठरावीक मजकूर तांत्रिक दोषामुळे तसाच राहून गेला, असं. संगणक बिचारा पॅनेलवर नव्हता.

त्यानं तो खुलासा ताईला मोठ्या अभिमानानं फोनवर वाचून दाखवला. पेशंटच्या हातात द्यायची पद्धत नव्हती, पण वाचून दाखवायची होती.

मंजुरी आली. रुग्णालयानं तारीख दिली. दुसरी वाहिनी उघडली तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, अजून थोडं थांबला असता तर कठीण होतं. ताईनं मान डोलावली आणि बाहेर येऊन बाकावर बसली. दोन्ही हात तिनं मांडीखाली दाबून धरले. तेवढं सोडलं तर तिनं कुणाला काही दिसू दिलं नाही.

आईनं सगळ्या नातेवाइकांत सांगितलं, की डॉक्टरांनीच सगळं केलं. कंपनीला असं झणझणीत पत्र लिहिलं, की त्यांची बोबडी वळली. नवरा म्हणाला, "खरंय. दुप्पट झणझणीत होतं."

* * *

महिन्याभरानं बसचालक दुकानात आले. चष्म्याची दांडी मोडली होती. ती धरून काउंटरपाशी उभे राहिले आणि दांडीकडेच बघत म्हणाले, "आमच्या हिचं नामंजूर झालं. आठ वर्षांपासून दम लागतो म्हणे. मी तिला विचारलं, तू मला कधी बोलली नाहीस? ती रडायलाच लागली. म्हणाली, मला तरी कुठे माहीत होतं."

मागच्या खोलीत यंत्र चालू होतं. नवरा परत काचा घासू लागला होता, दिवसातून थोडा वेळ, ताईच्या परवानगीनं. यंत्र बंद झालं. तो ऐकत होता.

ताईनं दांडी हातात घेतली, स्क्रू बसवला, काचा पुसल्या. मग एक कागद ओढून खुलाशाच्या मागणीचा अर्ज कसा करायचा ते लिहून दिलं. कुठल्या मजल्यावर जायचं, कुणाला भेटायचं, आणि अंगावर काहीतरी गरम घेऊन जा, हेही सांगितलं.

"डॉक्टरांना वाईट नाही ना वाटणार?" बसचालकांनी विचारलं. "त्यांनी आमच्यासाठी फुकट केलं होतं."

"अजिबात नाही. उलट आनंद होईल."

आणि झालाच. बसचालकांच्या ओळखीचे लोक पुष्कळ होते. आयुष्यभर एकाच रस्त्यावर गाडी चालवलेला माणूस. त्या रस्त्यावर कुणाकुणाचा दावा छोट्याच्या पाटीखाली बसून बुडाला होता, ते हळूहळू बाहेर येऊ लागलं. कुणाला पाच वर्षं दम लागत होता, कुणाला दहा. एका वीस वर्षांच्या धावपटू पोरीला गुडघ्याच्या अहवालात तीन वर्षं लागत होता. सगळे चष्म्याच्या दुकानात आले, कागद घेऊन गेले. काहींनी जाता जाता डोळेही तपासून घेतले.

पुढे एकदा आईचं औषध आणायला ताई नवऱ्याबरोबर दवाखान्यात गेली. दोन जिने तो तिच्या पुढे चढला. बाहेरच्या खोलीत बसायला जागा नव्हती. दारासमोर रंगारी शिडीवर उभा होता, आणि निळ्या पाटीवर चौकटीत नवी ओळ उमटत होती. खुलासा, पैसे कंपनी भरेल.

छोट्या स्वतः बाहेर आला. चेहरा उजळलेला, गळ्यात नळी, हातात पत्रांचा गठ्ठा. "ताई, बघितलंस? एका महिन्यात किती खुलासे मागितलेत. कंपनीचा माझ्यावर काय विश्वास आहे बघ. अहवाल लिहिणारे ढिगानं आहेत, पण खरं लिहिणारे कमी. त्यांना आता कळलंय ते."

"सगळ्यांचा संगणकच बिघडला होता का रे?"

"वाक्य एकच आहे, त्यामुळे काम पटकन होतं. फक्त नाव बदलायचं." तो नवऱ्याकडे वळला आणि मायेनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊजी, तुमच्या निमित्तानं सुरू झालं हे. पायगुण तुमचा."

"पाठगुण म्हणा," नवरा म्हणाला.

काउंटरवरच्या बाईंनी औषध दिलं, आणि न विचारताच पैसे सांगितले. ताईनं ते दिले. ओळीखाली फूल काढायचं का, असं रंगाऱ्यानं शिडीवरून विचारलं. त्याचे वेगळे लागतील का, असं छोट्यानं विचारलं. तिथून दोघं बाहेर पडले.

जिना उतरताना नवरा म्हणाला, "ते वरचे लोक जुने अहवाल काढून बसतात, असं ती बाई म्हणाली होती ना तुला?"

"हो."

"त्याला सांगितलंस?"

"विचारलं नाही त्यानं. विचारायची सवयच नाही त्याला."

खालच्या वळणावर नवरा कठडा धरून थांबला. ताई दोन पायऱ्या एकदम उतरून त्याच्याजवळ आली.

"काय झालं? दम लागला?"

"नाही." त्यानं कठड्यावरचा एक खोल ओरखडा बोटानं चाचपला. "टेबल इथं अडकलं होतं."